खारवटींतील तळीं व पाण्याचा खारेपणा

खाडीकांठच्या खारवटींत भातखाचरांशेजारीं तळें राखून त्यांत जिताडा वाढविण्याची चाल पेण-अलिबाग बाजूस जुनी आहे. अलीकडे त्याच तळ्यांत रोहू-कटला सोडण्याचा मोह पुष्कळांस होतो. पाणी न तपासतां तो पुरविल्यास बीजाचा सर्व खर्च बुडतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक माशांच्या रक्तांत ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके किंवा थोडे कमी. म्हणून गोड्या पाण्यांतील माशाच्या अंगांत बाहेरचें पाणी सारखें शिरतें. तें तो पातळ मूत्रावाटें टाकतो व कल्ल्यांनीं क्षार शोषून घेतो. समुद्रांतील माशाचें अगदीं उलट. त्याच्या अंगांतील पाणी बाहेर ओढलें जातें, म्हणून तो समुद्रच पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटें बाहेर घालवितो. हीं दोन्हीं कामें ज्यास साधतात तोच मासा खाडींत टिकतो. जिताडा, बोय व काळुंदर हे असे आहेत. रोहू, कटला व मृगळ यांस ही विद्या नाहीं. लिटरमागें चार-पांच ग्रॅमच्या पुढें त्यांची वाढ खुंटते व पुढें ते मरूं लागतात.

माझ्याच तळ्याची गोष्ट सांगतों. तीन वर्षांमागें श्रावणांतल्या उधाणांत बांधाला खांड जाऊन खाडीचें पाणी तळ्यांत आलें. खांड बुजविली, आठ दिवस मुसळधार पाऊस झाला, आणि कांठावरून बाटली भरून पाहिली तों लिटरास दोनच ग्रॅम! मीं निर्धास्तपणें रोहूचें बोटभर बीज सोडलें. चौथ्या दिवसापासून मासे तरंगूं लागले. मग तळचें पाणी काढविलें, तें अकरा ग्रॅमचें निघालें. पावसाचें हलकें पाणी वर व खाडीचें जड पाणी खालीं असे दोन थर पडले होते. तेव्हांपासून दोरीला बुचाची बाटली बांधून तळाचें पाणी काढल्याशिवाय मी बीज आणीत नाहीं. कांचेवर दोन थेंब टाकून डोळ्यास लावावयाचें मापकयंत्र आतां सहज मिळतें. जिभेच्या चवीवर मात्र कोणीं विसंबूं नये.

उन्हाळ्याचा हिशेब निराळा. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाहीं. उभ्या कांठांच्या तळ्यांत सहा फूट पाणी चार फुटांवर आलें कीं चार ग्रॅमचे सहा ग्रॅम झालेच. ही तूट उघाडीतून भरतीचें पाणी घेऊन भरून काढल्यास खारेपणा आणखी चढतो. ती विहिरीच्या गोड्या पाण्यानेंच भरावी.

जिताड्याचें बीज पूर्वीं खाडींतूनच धरीत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनें १९९७ सालीं त्याची बंदिस्त पैदास साधल्यावर विकतचें बीजहि मिळूं लागलें. तें किती ग्रॅमच्या पाण्यांत वाढविलें आहे हें विकणाऱ्यास आधीं विचारावें, आणि हौदांत आपल्या तळ्याचें पाणी थोडथोडें मिसळीत दोन-तीन दिवसांनीं सोडावें. जिताडा गोड्या पाण्यांतहि वाढतो खरा. पण एकाएकीं झालेला पालट त्याचें कोवळें पिलूं सोशीत नाहीं.

मुलांच्या कांचेच्या पेटींतील सोनमाशास गोडेंच पाणी द्यावें. समुद्रांतील मासे हवे असल्यास घरचें मीठ कालवून भागत नाहीं. समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरेंचे क्षारहि असतात.

तळें मुद्दाम खारें ठेवावयाचें झाल्यास तें भातखाचराच्या वरच्या अंगास नसावें. माशांस मानवणारें पाणी पाझरून खालच्या खाचरांत उतरतें, आणि भाताच्या कोवळ्या रोपास त्याहून पुष्कळ कमी मीठहि पुरें होतें.