पान बरोबर दिसतंय म्हणून थांबू नकोस

मंडळाची वेबसाइट आता तुझ्याकडे आली आहे, तर काही गोष्टी कानावर घालून ठेवते. पहिली ही, की स्टाइलशीटमधली चूक ब्राउजर स्वतःहून कधी बोलून दाखवत नाही. जावास्क्रिप्ट चुकली तर कन्सोलमध्ये निदान लाल ओळ येते. सीएसएसचा नियमच असा, की जे कळलं नाही ते मुकाट्याने गाळायचं आणि पुढे वाचायचं. नियम मुद्दाम केलेला आहे. उद्या एखादा नवा गुणधर्म आला तर जुना ब्राउजर अडून बसू नये, हा हेतू. पण त्या सोयीत आपल्या चुकाही गाळल्या जातात. गणेशोत्सवाच्या वेळापत्रकाचं शीर्षक शेंदरी व्हायचं ते काळंच राहतं, आणि तुला वाटतं ब्राउजरची मेमरी जुनी आहे. मग तू पान पुन्हापुन्हा रिफ्रेश करत बसतेस.

त्याऐवजी डब्ल्यूथ्रीसीचा सीएसएस व्हॅलिडेटर उघडायचा. तो त्यांच्या जिगसॉ सर्व्हरवर फुकट आहे, नाव नोंदवावं लागत नाही. तपासायला तीन वाटा आहेत: पानाचा पत्ता देणं, फाइल चढवणं, किंवा मजकूर थेट चिकटवणं. पत्ता दिलास तर पानाला जोडलेल्या स्टाइलशीटही तो स्वतः ओढून घेतो, म्हणून चालू साइटसाठी तीच वाट बरी. तुझ्या लॅपटॉपवर चालणारं पान मात्र त्याला बाहेरून दिसत नाही. तिथे फाइल चढव. सॅस वापरत असशील तर त्यातून तयार झालेली सीएसएस तपास, मूळ सॅस नव्हे. आणि सगळं एका ओळीत दाबून लहान केलेली फाइल देऊ नकोस, कारण प्रत्येक चूक 'ओळ १' वरच दाखवली जाईल आणि शोधताना डोळे जातील.

अहवालात चाळीस चुका आल्या तरी घाबरायचं नाही. सगळ्यात वरची एकच दुरुस्त करायची आणि पुन्हा तपासायला टाकायची. खालच्या कितीतरी तिच्यामुळेच आलेल्या असतात. बंद न केलेला एक महिरपी कंस अर्धी फाइल बुडवू शकतो. दाखवलेल्या ओळीत काहीच वावगं दिसलं नाही तर तिच्या वरच्या ओळीकडे बघ. अर्धविराम तिथे राहिलेला असतो. समज, रंगाच्या ओळीत 'ऑरेंज' लिहिलंस आणि पुढे अर्धविराम दिला नाहीस. खालची ओळ वरून वीस पिक्सेल मार्जिन द्यायची. ब्राउजरला दोन्ही मिळून रंगाची एकच किंमत वाटते, अशी किंमत असूच शकत नाही, म्हणून रंगही जातो आणि मार्जिनही. एक अर्धविराम विसरलीस आणि दोन ओळी गेल्या.

नेहमीचे यशस्वी कलाकार ठरलेले आहेत. आकड्यानंतर पिक्सेल किंवा टक्का लिहायचा राहणं (फक्त शून्याला सूट आहे), आकडा आणि एकक यांत मोकळी जागा, रंगाच्या हेक्स संकेतात पाचच अक्षरं, सॅसच्या सवयीने टाकलेल्या दोन तिरप्या रेघांची टिप्पणी. ती टिप्पणी सीएसएसमध्ये टिप्पणी नसतेच, उलट पुढची ओळ खाऊन टाकते. आपल्या लोकांची एक खास चूकही आहे. मराठीतून मजकूर टाइप करता करता कीबोर्ड तसाच राहतो आणि सोळा पिक्सेलचे सोळा देवनागरी आकड्यांत उमटतात. तुला ते बरोबर वाचता येतात, ब्राउजरला नाही. व्हॅलिडेटर ही चूक लगेच पकडतो. वर्डमधून कॉपी केलेली वळणदार अवतरणचिन्हं मात्र तो प्रत्येक वेळी अडवेलच असं नाही, म्हणून फॉन्टच्या नावाभोवतीची अवतरणं सरळ आहेत ना, हे डोळ्यांनीच बघ.

आता तू म्हणशील, मावशी, व्हॅलिडेटर चूक म्हणतोय पण पान तर छान दिसतंय. हा सगळ्यात मोठा सापळा आहे, आणि त्याची मुळं आपल्या गावात, इथल्या मायक्रोसॉफ्टच्या इमारतींत आहेत. इंटरनेट एक्स्प्लोरर ३ ऑगस्ट १९९६ मध्ये आला आणि सीएसएस वाचणारा पहिला मोठा ब्राउजर ठरला. सीएसएसची पहिली शिफारस मात्र पक्की झाली त्या वर्षीच्या १७ डिसेंबरला. म्हणजे नियम पूर्ण होण्याआधीच ब्राउजर बाजारात. पुढे विंडोजवरच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत चौकटीची रुंदी मोजण्याचा हिशेबही वेगळाच राहिला. रुंदी ३००, दोन्ही बाजूंना २०-२० पॅडिंग आणि ५-५ बॉर्डर दिली, तर नियमाप्रमाणे चौकट ३५० पिक्सेल जागा घेते. इथला ब्राउजर सगळं ३०० मध्येच बसवायचा. लाखो पानं त्या हिशेबाने बांधली गेली. २००१ मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हा तोड काढली गेली ती अशी: पानाच्या पहिल्या ओळीत योग्य डॉकटाइप असेल तर नियमाप्रमाणे, नसेल तर जुन्या पद्धतीने. या जुन्या पद्धतीला क्वर्क्स मोड म्हणतात आणि तो आजच्या ब्राउजरांतही जिवंत आहे. त्यात एकक नसलेले आकडे काही ठिकाणी चालून जातात, हॅशशिवायचा रंगही चालतो. म्हणून पान छान दिसतं. मग कुणीतरी शहाणा डॉकटाइप घालतो आणि मांडणी कोसळते. तेव्हा स्टाइलशीट तपासण्याआधी एचटीएमएलची पहिली ओळ बघ, आणि एचटीएमएलही त्याच्या वेगळ्या व्हॅलिडेटरमधून काढ. गंमत अशी, की इथला तो जुना हिशेब पुढे बॉर्डर-बॉक्स या नावाने सीएसएसमध्येच आला, आणि आता बहुतेक जण तो फाइलच्या माथ्यावर आपणहून लावतात. मला तर तोच आधीपासून जास्त पटायचा.

मंडळाची फाइल जुनी आहे, तिच्यात गुणधर्माच्या नावापुढे चांदणी किंवा अंडरस्कोर लावलेल्या ओळी सापडतील. त्या सातव्या आणि सहाव्या आवृत्तीला चकवण्यासाठी होत्या. 'प्रॉगआयडी'ने सुरू होणाऱ्या लांबलचक फिल्टरच्या ओळीही त्याच काळातल्या. व्हॅलिडेटर त्यांच्यावर लाल होतो आणि तो बरोबर आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, आता त्या ओळी बिनधास्त काढ. पुढे वेबकिट किंवा एमएस असं नाव लावलेले गुणधर्म वेगळे. त्यांच्यासाठी जास्तीच्या पर्यायांत 'फक्त इशारा' निवडता येतो. एखादा अगदी नवा गुणधर्म व्हॅलिडेटरला माहीत नसेल, तर एजमध्ये एफ-१२ दाबून बघ. ब्राउजरने नाकारलेली ओळ तिथे खोडलेली दिसते. दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी व्हेरिएबल्स व्हॅलिडेटर तपासत नाही, तसं सांगतोही. ती तुझी तूच बघायची.

इशारे पिवळे असतात म्हणून झटकू नकोस. फॉन्टच्या यादीत शेवटी सर्वसाधारण कुटुंब द्या, असा एक इशारा येतो. मराठी साइटला तो फार कामाचा आहे. जुन्या फाइलीत नुसतं 'मंगल' लिहिलेलं असतं. हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला, विंडोज २००० पासून आलेला. पण विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला, विंडोज १० मध्ये मंगल वेगळा घ्यावा लागतो, मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो. एकाच नावावर विसंबलीस तर दुसऱ्याच्या यंत्रावर काय दिसेल ते तुझ्या हातात राहत नाही. नावं क्रमाने लिही आणि शेवटी सॅन्स-सेरिफ ठेव.

'एकही चूक नाही' अशी हिरवी पट्टी आली की व्हॅलिडेटरचं काम संपलं, कारण त्याला व्याकरण कळतं, मराठी कळत नाही. इंग्रजी साच्यातून उचललेलं लेटर-स्पेसिंग त्याच्या दृष्टीने निर्दोष असतं, पण त्याने शिरोरेषेचे तुकडे होतात. मराठी मजकुरावर ते शून्य ठेव. ओळींमधलं अंतर इंग्रजीपुरतं दिलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढतात. 'कुटुंबीयांसह' आणि 'पूर्तीनिमित्त' असे शब्द एकाखाली एक येतील असा परिच्छेद लिहून बघ. आणि एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे असं नोंदव. नोटोसारख्या काही फॉन्टांत त्या नोंदीमुळेच 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. मंडळातली आजी-आजोबा मंडळी फोन करून सांगतात ते नेमकं याच 'श' बद्दल.