मशीनला आधी आपली गावं शिकव

पोरी, लोणेऱ्याच्या कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून एसक्यूएल इंजेक्शनचे हल्ले मशीन लर्निंगने पकडायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. माझा जन्म डेटाबेस सांभाळण्यात गेला, म्हणून चार गोष्टी कानावर घालतो.

आधी तुझ्या प्रोग्राममधलं भोक बुजव. फॉर्ममधला मजकूर क्वेरीत तसाच जोडू नकोस, पॅरामीटराइज्ड क्वेरी वापर. मग नावाच्या रकान्यात कुणी अवतरणचिन्ह टाकून पुढे ‘ऑर १=१’ लिहिलं, तरी डेटाबेस त्याला नावच समजतो, हुकूम नाही. हा हल्ला १९९८ पासून जगजाहीर आहे. तरी २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच भोक निघालं आणि दोन हजारांहून जास्त संस्थांना फटका बसला. मॉडेलचा राखणदार ठेवला म्हणून दाराची कडी काढायची नसते.

आता मुद्द्याचं. बरेच विद्यार्थी सीएसआयसी २०१० हा डेटासेट उचलतात. तो स्पेनमध्ये बनलेला, एका ऑनलाइन दुकानाच्या रिक्वेस्टचा. आपली भाषा त्यात नाही. तुझ्या फॉर्ममध्ये कुणी ‘महाड’ लिहिलं की म, ह, काना, ड या चार चिन्हांचे बारा बाइट होतात, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं असा एन्कोड होऊन जातो. एकूण ३६ अक्षरं! टक्क्यांची ही रांग स्पॅनिशवर शिकलेल्या मॉडेलला हल्ला वाटू शकते. मग कापडे गावाहून पाण्याची तक्रार भरणारी बाई विनाकारण अडते. ते मला सहन होणार नाही. म्हणून रिक्वेस्ट आधी डिकोड कर. हल्लेखोर दोनदाही एन्कोड करतात, तेही उलगड. मगच मॉडेलला दे. बिरवाडी, पोलादपूर, तळिये अशी गावांची नावं असलेल्या साध्या नोंदी त्याला भरपूर दाखव. डिसूझा इंग्रजीत लिहिताना मध्ये अवतरणचिन्ह येतं, त्या माणसाला चोर ठरवू नकोस.

नुसत्या अचूकतेवर भाळू नकोस. दहा हजार रिक्वेस्टमध्ये दहाच हल्ले असले, तर सगळ्यांना ‘ठीक’ म्हणणारं मॉडेलही ९९.९ टक्के बरोबर येतं. किती हल्ले सुटले आणि किती भली माणसं अडली, हे वेगवेगळं मांड. एकच हल्ला थोडा बदलून शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे गेला, तर आकडे फुगतात.

आणि चाचणी आपल्याच लॅपटॉपवरच्या सर्व्हरवर. नगरपरिषदेची असो की कॉलेजची, दुसऱ्याच्या साइटवर एकही अवतरणचिन्ह टाकून बघायचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुणाचे लॉग लागलेच तर लेखी परवानगी घे, आणि त्यातले मोबाइल व आधार क्रमांक पुसूनच घरी आण.