क्षयाची औषधे आणि उसाचा हंगाम

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा, भूम, वाशी, कळंब या अवर्षणप्रवण तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. साध्या क्षयाच्या उपचारासही सहा महिने लागतात. म्हणजे श्रावणात औषध सुरू झालेल्या रुग्णाचा निम्माअधिक उपचार उसाच्या फडात पार पडावयाचा असतो.

रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड या दोन्ही प्रमुख औषधांना जंतू दाद देईनासे झाले, की त्यास बहुऔषधप्रतिरोधी क्षय म्हणतात. महिना-दोन महिन्यांत ताप उतरतो, खोकला थांबतो. परंतु चिवट जंतू शिल्लक असतात. औषधांत खंड पडला, की तेच वाढतात. म्हणूनच पूर्वीचा अर्धवट उपचार हे या रोगाचे एक मोठे कारण मानले जाते.

उपचार सुटण्याचे खापर सामान्यतः अज्ञानावर फोडले जाते. ते अपुरे आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पती-पत्नी मिळून एक कोयता. एकाचा खाडा झाला, तर दोघांची मजुरी बुडते आणि उचल फिटत नाही. दवाखाना दूर, पाचटाच्या कोपीत सारे कुटुंब दाटीने झोपते, आणि रोगाची वाच्यता झाल्यास टोळीतून वगळले जाण्याची धास्ती. शिवाय प्रतिरोधी जंतू हवेतूनही पसरतात. औषधाचा एकही दिवस न चुकविलेल्या माणसालाही ते गाठू शकतात. अशा रुग्णास बेपर्वा ठरविणे अन्यायाचे होय.

उपासमार, मधुमेह, तंबाखू व दारू रोगाला वाट करून देतात. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या कुटुंबीयांना पोषक शिधा मिळाल्यावर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. निक्षय पोषण योजनेचे २०१८ मधील दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहे.

थुंकीच्या जलद चाचणीतून रिफाम्पिसिनचा प्रतिरोध सुमारे दोन तासांत कळतो. टोळी निघण्यापूर्वी, भाद्रपदातच, ही तपासणी होणे इष्ट. ग्रामपंचायतीकडून मजूर कोणत्या कारखान्यास जाणार हे समजल्यास, आरोग्य कर्मचाऱ्यास रुग्णाची निक्षय नोंद तेथील केंद्राकडे वर्ग करता येते. मात्र रुग्णांची नावे आरोग्य कर्मचाऱ्यांपाशीच राहावीत. ती चावडीवर लावावयाची नव्हेत, मुकादमाच्या हाती तर नव्हेतच.