पत्ता खरा दिसतो, पण आहे का?

प्रश्न : कुसुम सौरपंपाच्या नावाने ‘.ऑर्ग’ची लिंक आली. कागद न बघताच असं नाव मिळतं का?
– शेतकरी, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : दादा, बहुधा हो. ‘.कॉम’, ‘.ऑर्ग’ घेताना नाव-पत्ता घेणाराच भरतो. ईमेल किंवा फोन यांपैकी एक चालू आहे एवढंच तपासतात, त्यालाही १५ दिवसांची मुदत. ‘कुसुम’, ‘योजना’ हे शब्द घालायला कुणी अडवत नाही. ही ढिलाई मला गंभीर वाटते. भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानेही अशा बनावट संकेतस्थळांबद्दल इशारे दिले आहेत. ‘.गव्ह.इन’ मात्र सरकारी यंत्रणांनाच मिळतं. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस://’ सोडून पहिल्या तिरप्या रेघेआधी पत्ता ‘.गव्ह.इन’वरच संपतो का, ते बघा, ‘गव्ह-इन.कॉम’ला भुलू नका. पैसे भरले असतील तर आत्ताच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन लावा.