तलावाचा काठ आणि दूरचे पाहुणे

चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की ताडोबाचे वाघ आणि घनदाट जंगले डोळ्यांसमोर येतात. पण नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी या धानाच्या मुलखात गावोगावी आणखी एक संपत्ती आहे. ती म्हणजे तलाव. हिवाळ्यात या तलावांच्या ओल्या काठावर करड्या-तपकिरी रंगाचे लहानसे पक्षी लगबगीने चिखलात चोच मारताना दिसतात. त्यांना किनारपक्षी म्हणतात. टिटवी ही त्यांच्यापैकीच एक. पण ती बारा महिने आपल्याकडे राहते. छोटा टिलवा आणि ठिपक्यांची तुतारी मात्र हिवाळ्यापुरते पाहुणे आहेत.

पाहुणे किती दूरचे?

छोटा टिलवा उत्तरेकडील टुंड्रा प्रदेशात, सुमारे ७० अंश अक्षांशावर अंडी घालतो. चंद्रपूर साधारण २० अंशांवर आहे. म्हणजे अंतर ५० अंशांचे. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले, तर सरळ रेषेतही हा प्रवास ५,५५० किलोमीटरचा होतो! आणि प्रवासी कोण? चिमणीएवढा, पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा पक्षी.

एवढी शक्ती येते कोठून? चरबीतून. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम चरबीपासून सुमारे ९. म्हणून प्रवासापूर्वी आणि वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी हे पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात. मुक्कामी पुरेसे अन्न मिळाले नाही, तर पुढचा टप्पा अर्धवट इंधनावर गाठावा लागतो. काही पक्षी वाटेतच मरतात. काही उशिरा आणि अशक्त होऊन पोहोचतात. त्यांची वीण नीट होत नाही.

चार सेंटीमीटरचे जग

किनारपक्ष्यांचे अन्न म्हणजे चिखलातील किडे, अळ्या, गांडुळे व लहान गोगलगाई. ते मिळवण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पाणलाव्याची चोच लांब असते आणि चिखलात रुतलेली असतानाही तिचे केवळ टोक उघडू शकते. टिलव्याची चोच आखूड, म्हणून तो वरवरचे वेचतो. पण एक गोष्ट बहुतेकांना सारखीच लागू आहे. बदकासारखे पोहत चरणे यांना जमत नाही. पाय पोहोचेल तेवढेच पाणी त्यांच्या कामाचे. टिलव्यासाठी ते फार तर तीन-चार सेंटीमीटर!

आता आपले जुने तलाव पाहू. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या कुशल लोकांनी असे अनेक तलाव बांधले. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून अधिक आहेत. माजी मालगुजारी तलाव म्हणजेच 'मामा तलाव'. यांच्या एका बाजूला मातीची पाळ असते. तेथे पाणी खोल असते. उरलेल्या बाजूंनी जमीन हळूहळू उतरत येते. धानाला पाणी सोडले की दिवाळीनंतर पाणी मागे सरकते आणि नवा ओला चिखल उघडा पडतो. नेमके तेव्हाच पाहुणे आलेले असतात.

एक हिशेब करा. शंभर मीटर चालल्यावर जमीन एक मीटर उतरते, असा काठ घ्या. तेथे चार सेंटीमीटरपर्यंतच्या पाण्याचा पट्टा चार मीटर रुंद असेल. काठ एक किलोमीटर लांब असेल, तर चरायला ४,००० चौरस मीटर जागा मिळेल. आता हाच काठ खणून ४५ अंशांत तासला असे समजा. पट्टा उरतो चार सेंटीमीटरचा, आणि जागा केवळ ४० चौरस मीटर! तलावात पाणी पूर्वीइतके किंवा जास्तच असेल. पण टिलव्याच्या दृष्टीने तो तलाव जवळजवळ नाहीसा झाला.

काठ कसा हरवतो?

१९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. पुढे अनेक ठिकाणी देखभाल कमी पडली. गाळ साचला, उथळ भागात शेती व घरे आली. मूळची अमेरिका खंडातली बेशरम वनस्पती काठावर माजली. तिच्या दाट झुडपांत चिखल झाकला जातो. शिवाय किनारपक्ष्यांना मोकळी जागा लागते, कारण ससाणा दुरून दिसला तरच जीव वाचतो.

"मग ते दुसरीकडे जातील," असे कोणी म्हणेल. दक्षिण कोरियात याची परीक्षा झाली. तेथे २००६ साली सेमांगम येथे ३३ किलोमीटर लांबीची भिंत बांधून भरती-ओहोटीचा विस्तीर्ण चिखल समुद्रापासून तोडला गेला. ग्रेट नॉट नावाचे हजारो पक्षी तेथे मुक्काम करीत. ते शेजारच्या किनाऱ्यांवर तेवढ्या संख्येने वाढले नाहीत; उलट ज्या ऑस्ट्रेलियात ते हिवाळा सोसायला नव्हे, तर उन्हाळा भोगायला जातात, तेथेही त्यांची संख्या घटली. दुसऱ्या जागा आधीच भरलेल्या असतात. २०२४ साली जागतिक लाल यादीत किनारपक्ष्यांच्या सोळा जाती अधिक धोक्याच्या वर्गात गेल्या.

उपाय आहे का?

आहे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव भागात ढीवर समाजातील स्त्री-पुरुषांनी काही तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांना हवी होती मासळी. पण अशा तलावाचा लाभ पक्ष्यांनाही होतो. गाळ काढणेही आवश्यकच आहे. मात्र तो पाळीजवळच्या खोल भागातून काढावा आणि पाणी येण्याच्या बाजूचा मंद उतार तसाच ठेवावा. शेतकऱ्याला पाणी, ढीवराला मासळी आणि पाहुण्यांना चिखल, असे तिन्ही एका तलावात साधते.

करून पाहा

मोठ्या माणसांना बरोबर घेऊन डिसेंबरात गावच्या तलावावर जा. पाण्याच्या कडेपासून पट्टीने मोजत जा. चार सेंटीमीटर खोली किती अंतरावर लागते? मंद उताराच्या व तासलेल्या अशा दोन्ही काठांवर मोजा आणि तेथे किती किनारपक्षी चरतात हे दुरून मोजून वहीत लिहा. दर महिन्याला, एप्रिलपर्यंत, ही नोंद ठेवा. पाहुणे कोणत्या काठाला पसंती देतात, हे तुमची वहीच तुम्हाला सांगेल.