शांतता राखण्यासाठी गेलेले सैन्य

परक्या देशाच्या यादवी युद्धात उतरणाऱ्या सैन्यापुढील पहिला प्रश्न, आपला शत्रू कोण, हा असतो. श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या बाबतीत हा प्रश्न करारातच अनिर्णित राहिला होता.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे पंतप्रधान राजीव गांधी व अध्यक्ष जयवर्धने यांनी या करारावर सह्या केल्या. ४८ तासांत लढाई थांबावी, त्यानंतर ७२ तासांत तामीळ बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवावीत, आणि जरूर पडल्यास युद्धविराम अमलात आणण्यासाठी भारतीय सैन्य बोलावता यावे, असे त्यात ठरले. ज्यांनी शस्त्रे ठेवावयाची त्या लिट्टे संघटनेची सही मात्र या कागदावर नव्हती. हमी घेणाऱ्याने ज्याची हमी घेतली, तोच करारात पक्षकार नसावा, ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे.

प्रारंभी जाफन्यातील जनतेने जवानांचे हारतुऱ्यांनी स्वागत केले. ४ जूनला भारतीय विमानांनी तेथे अन्नसामग्री टाकली होती, तिचे स्मरण ताजे होते. दक्षिणेत भावना याच्या अगदी उलट होती. सह्या झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने प्रहार केला.

ऑक्टोबरच्या आरंभी श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेचे सतरा जण पकडले. त्यांना कोलंबोला नेण्याचे ठरताच ५ तारखेला त्यांनी सायनाइड घेतले. बारा जण मरण पावले. भारत हे टाळू शकला नाही, आणि लिट्टेच्या दृष्टीने तेवढे पुरे होते. १० ऑक्टोबरला भारतीय सैन्याने जाफन्यावर चढाई सुरू केली. लिट्टेचे नेते हाती लागावेत म्हणून ११ तारखेच्या रात्री विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरने सैनिक उतरविण्यात आले. त्यांतील शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस ठार झाले, एक कैद झाला. अरुंद गल्ल्या, पेरलेले सुरुंग, आणि नागरिकाच्याच वेशात वावरणारा प्रतिपक्षी. खुल्या मैदानावरील लढाईसाठी घडविलेल्या सैन्याला हे सारे नवे होते. त्याची किंमत रहिवाशांनीही मोजली. २१ ऑक्टोबरला सैनिक जाफना रुग्णालयात शिरले, तेव्हा डॉक्टर, परिचारिका व रुग्ण त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. ज्यांच्या रक्षणासाठी सैन्य आले, त्यांच्याच मनातून ते उतरले.

शहर हाती आले, पण युद्ध जंगलात सरकले. पुढे शांतिसेनेची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली, तरी निर्णय लागला नाही. दक्षिणेत परकी सैन्याच्या उपस्थितीचे भांडवल करून जनता विमुक्ती पेरमुनाने उठाव भडकविला. १९८९ मध्ये सत्तेवर आलेल्या अध्यक्ष प्रेमदासांनी भारतीय सैन्याने जावे, असा आग्रह धरला. इतकेच नव्हे, तर त्यासाठी लिट्टेशी बोलणी करून तिला गुप्तपणे शस्त्रेही पुरविली. सरकार व बंडखोर हे दोघे एका मुद्द्यावर एक झाले, तो मुद्दा म्हणजे मध्यस्थाची पाठवणी.

२४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमाली सोडून निघाली. सुमारे बाराशे भारतीय सैनिक कामी आले होते. मद्रासला परतलेल्या जवानांच्या स्वागतास मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये श्रीलंकेचे सरकार आणि लिट्टे यांच्यात पुन्हा लढाई पेटली.