पाणी पिऊन जाऊ की लघवी करून?

प्रश्न : माझं वय ४६. हल्ली पाळीत अंगावरून फार जातं. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली आहे. दिवस गेलेले नसताना सोनोग्राफी कशाला? शिवाय जाऊ म्हणते, भरपूर पाणी पिऊन जावं लागतं. शेजारणीला उलट लघवी करून यायला सांगितलं होतं. खरं कोणाचं? आणि ही मशीन गावातल्या शिबिरात का आणत नाहीत?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : ताई, दोघींचंही खरं आहे. तपासण्या दोन, नाव एकच.

तुमच्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरवर फिश फाइंडर असतो ना, तो पाण्यात आवाज सोडतो आणि माशांच्या थव्यावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी पडद्यावर दाखवतो. सोनोग्राफीचं तत्त्व तेच. आवाज मात्र कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला लाखो कंपनांचा. क्ष-किरण यात नसतात. हा आवाज पाण्यातून सहज जातो, हवेत अडतो. गर्भपिशवीच्या आसपास आतडी असतात आणि आतड्यांत हवा. मूत्राशय भरलं की ते आतडी बाजूला सारतं आणि पिशवी नीट दिसते. म्हणून पोटावरून तपासताना पाणी प्यायला लावतात.

शेजारणीची तपासणी योनीमार्गातून झाली असणार. बारीक प्रोबवर निरोध चढवून तो आत सरकवतात. पिशवी आणि बीजकोश अगदी जवळून दिसतात, त्यामुळे मूत्राशय रिकामं लागतं. थोडं अवघडल्यासारखं होतं, सहसा दुखत नाही. शरीरसंबंध न आलेल्या मुलींची ही तपासणी करत नाहीत. बाई कर्मचारी सोबत हवी असं सांगायचा, किंवा नको म्हणायचा, तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दिवस गेल्याशिवाय सोनोग्राफी नसते, हा समज फार पसरलेला आहे. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सोनोग्राफीवर जो लेख लिहिला, त्याचा विषयच पोटातल्या गाठी हा होता. एका बाईला पोटाचा असाध्य कर्करोग ठरवला होता. यंत्रात बीजकोशाची मोठी पाण्याची गाठ दिसली, ती काढली आणि बाई वाचली.

तुमच्या बाबतीत डॉक्टर पाहतील ते पिशवीचा आकार, तिच्यातल्या गाठी, अस्तराची जाडी आणि बीजकोश. रिपोर्टमध्ये ‘फायब्रॉइड’ असं लिहून आलं तर घाबरू नका. या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात, आणि लहान असून त्रास देत नसतील तर नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या एवढ्या संख्येने काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ‘पिशवी काढून टाका’ असं कोणी म्हटलं तर आधी विचारा : गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीने थांबणार नाही का? शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

सोनोग्राफीत सगळं कळत नाही, हेही ध्यानात ठेवा. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची चाहूल तिच्यात लागत नाही. त्यासाठी पॅप स्मिअर वेगळी करावी लागते. आणि तुमच्या वयात एवढं जात असेल, तर सोनोग्राफीत काही दिसलं नाही तरी अस्तराचा नमुना तपासायला सांगू शकतात. तो टाळू नका.

मशीन शिबिरात सहसा येत नाही, याचं कारण कायदा. गर्भलिंग निदान रोखायला महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, कायदा केला; केंद्राचा १९९४ मध्ये आला. मशीनची नोंदणी ठरलेल्या जागेवर होते आणि ती वाटेल तिथे फिरवता येत नाही. मुली वाचवायला हे बंधन हवंच, पण त्याचा फेरा तुमच्यासारख्या बायकांना पडतो, हेही खरं.

म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा, तपासणी पोटावरून की आतून. पोटावरून असेल तर एसटीत बसण्याआधी पाणी पिऊ नका. कुडाळला किंवा ओरोसला पोचल्यावर चार-पाच ग्लास प्या आणि तासभर थांबा. शेवटची पाळी कधी आली ती तारीख कागदावर लिहून न्या, जुने रिपोर्ट सोबत ठेवा. आणि चक्कर येत असेल, धाप लागत असेल किंवा तासा-तासाला पॅड बदलावं लागत असेल, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.